समोर गुहागर

नैरोबीत राहणाऱ्या आपल्या मंडळींची मोंबासाची वारी ठरलेली असते. इस्टरला नाहीतर डिसेंबरात, तीन-चार कुटुंबांनी मिळून जायचं, राहणं-खाणं सगळं बिलात धरलेल्या मोठ्या हॉटेलात उतरायचं, पोहण्याच्या तलावाकाठी फोटो काढायचे आणि परत यायचं. आम्हीही दोनदा असेच गेलो. यंदा मात्र ऑगस्टमध्ये गेलो आणि बांबुरीच्या किनाऱ्यावर एका अगदी साध्या हॉटेलात पाच रात्री राहिलो. त्याला कारण दोन. एक म्हणजे पैसे. लेकीच्या शाळेची फी नुकतीच भरली होती. दुसरं कारण म्हणजे आई, माझ्या सासूबाई.

सासरे गेल्याला दोन वर्षं झाली. आई गुहागरला एकट्याच राहत होत्या. घर, मागचं आगर, माडांची नि पोफळींची देखभाल, सगळं एकटीने. एप्रिलमध्ये आमचे हे जाऊन त्यांना तीन महिन्यांसाठी म्हणून घेऊन आले. पण यांच्या मनात होतं की त्यांनी आता कायमचंच इथे राहावं. विषय निघाला की आई म्हणायच्या, "बघू." एवढंच. होय नाही आणि नाहीही नाही. तीन महिन्यांचे चार झाले.

नैरोबीची जून-जुलैची थंडी तुम्हाला माहीतच आहे. सतराशे मीटर उंचीवरचं शहर, दिवस दिवस ढगाळ. आई चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दोन स्वेटर घालून खिडकीशी बसायच्या. खाली फाटक, फाटकावर असकारी, बाहेर एकटीने चालत जायची सोय नाही. तक्रार मात्र कधी केली नाही. मला तेच जास्त लागायचं. खरं सांगायचं तर माझ्या मनातही दोन मनं होती. त्या कायमच्या राहिल्या तर घर बदलेल, माझ्या सवयी बदलतील, हा विचार येत नव्हता असं नाही. आणि तो आला की माझी मलाच लाज वाटायची.

मोंबासाला आम्ही मादाराका एक्स्प्रेसने गेलो. 2017 साली सुरू झालेली ही गाडी सहा तासांत पोचवते. इकॉनॉमीचं तिकीट आता दीड हजार शिलिंग आहे. स्टेशनवर सगळ्यांनी आपापल्या बॅगा जमिनीवर एका ओळीत मांडायच्या आणि दूर उभं राहायचं, मग पोलिसांचा कुत्रा त्या हुंगत जातो. आईंच्या पिशवीत मेतकूट होतं, त्यामुळे माझा जीव खालीवर. कुत्र्याने मेतकुटाला काही आक्षेप घेतला नाही. त्सावोच्या जंगलातून जाताना लाल मातीत लोळून लाल झालेले हत्ती दिसले. लेकीला मी सांगत होते की शेजारची जुनी रेल्वे 1896 ते 1901 या काळात बांधली गेली, त्यासाठी आपल्या देशातून तीसेक हजार मजूर आणले होते आणि त्यातले अडीच हजारांच्या आसपास इथेच मेले. आईंनी विचारलं, "आणि उरलेले?" म्हटलं, बरेचसे परत गेले, थोडे इथेच राहिले. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ज्याचं त्याला ठाऊक."

हॉटेलचं नाव देत नाही, कारण तक्रारी बऱ्याच आहेत. नाश्त्यासह एका मोठ्या खोलीचे दिवसाला साडेचार हजार शिलिंग. भिंतीवर एसी होता, पण तो शोभेचा. पंखा मात्र जोरात फिरायचा. नळाचं पाणी मचूळ, साबणाला फेस येत नाही. वीज रोज संध्याकाळी जायची आणि जनरेटर सुरू व्हायच्या आत आई मनातल्या मनात रामरक्षा अर्धी म्हणून मोकळ्या व्हायच्या. पहिल्याच सकाळी व्हरांड्यात ठेवलेली केळी माकडांनी नेली. यांचा चेहरा पडला. मला वाटलं, आता आई काहीतरी बोलणार. त्या म्हणाल्या, "आपल्याकडची वांदरं काय वेगळी आहेत? केळी बाहेर ठेवावीत कशाला?"

पण खोलीचं दार उघडलं की वीस पावलांवर वाळू होती. सुरूची झाडं, माड, आणि वारा. आई चपला काढून सरळ चालत गेल्या आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या. चार महिन्यांत पहिल्यांदाच मी त्यांना कुणाला न विचारता कुठे जाताना पाहत होते.

पलंगावर मच्छरदाणी बांधायला आलेला पोरगा म्हणाला, "चांदारुवा." आईंनी कान टवकारले. "चांदवा म्हणतोय की काय?" होय, स्वाहिलीत मच्छरदाणीला चांदारुवा म्हणतात. मग लेकीने आजीची शिकवणीच घेतली. दुकान म्हणजे दुका, गोणी म्हणजे गुनिया, विमा म्हणजे बिमा, हिशेब म्हणजे हेसाबू, पैसा म्हणजे पेसा. शेकडो वर्षांच्या व्यापाराने हे शब्द इकडे आणले, काही आपल्याकडून, काही आपल्यासारखेच अरबांकडून. आई म्हणाल्या, "म्हणजे उधारी मागायला येण्याइतकी भाषा मला येतेच."

घड्याळाने मात्र फजिती केली. काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ बघायला जायचं ठरलं. होडीवाल्याने बोटं दाखवून सांगितलं, "सा तातू." तातू म्हणजे तीन. आम्ही दुपारी तीनला टोप्या घालून हजर. होडी नाही, होडीवाला नाही, समुद्र सुरूच्या मुळापर्यंत आलेला. स्वाहिलीत दिवस सूर्योदयाला सुरू होतो. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ सूर्य बाराही महिने सहा-साडेसहाच्या सुमारास उगवतो, म्हणून आपले सात म्हणजे त्यांचा एक आणि त्यांचे तीन म्हणजे आपले सकाळचे नऊ. पाच वर्षं या देशात राहून आम्हाला हे माहीत नव्हतं असं नाही, पण नैरोबीत कधी गरज पडली नव्हती. दुसऱ्या दिवशी ओहोटीला गेलो. पाणी इतकं मागे हटलं होतं की बराच वेळ उघड्या खडकांवरून चालावं लागलं. जाणाऱ्यांनी पायात जुने बूट घालावेत, काळे काटेरी सागरी जीव खळग्यांत दबा धरून बसलेले असतात.

आई होडीत आल्या नाहीत. परतलो तर खोलीतही नव्हत्या. शोधत शोधत स्वयंपाकघराच्या मागच्या अंगणात गेले. तिथली स्वयंपाकीण, आईंच्याच वयाची असेल, बाजूला उभी राहून हसत होती आणि आई एका बुटक्या लाकडी बैठकीवर बसून नारळ खवत होत्या. बैठकीच्या पुढे दातेरी पातं. आपल्याकडची खवणीच, फक्त घडी घालता येणारी. तिला इकडे म्बुझी म्हणतात, म्हणजे बकरी! रोज सकाळी नाश्त्याला जी महामरी मिळायची, वेलदोडा घातलेली फुगीर, गोडसर पुरी, तिच्याबरोबर म्बाझी असायची: तुरीचे दाणे नारळाच्या रसात शिजवलेले. आईंनी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं की ही आपली उसळच, फक्त फोडणी नाही. फोडणी कशी देतात ते दाखवायला त्या मेतकुटाच्या पिशवीतली मोहरी घेऊन गेल्या होत्या. दोघींची एकही भाषा समान नव्हती आणि दोघी अखंड बोलत होत्या.

त्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. चार वाजता भरती पूर्ण चढली. आईंनी स्वयंपाकघरातून मागून आणलेल्या नारळाला हळदकुंकू लावलं, लेकीचा हात धरला आणि तो पाण्यात सोडला. हात जोडून डोळे मिटतात तोवर किनाऱ्यावरच्या एका पोराने सूर मारला, नारळ घेऊन पळत आला आणि निथळत उभा राहिला. "मामा, नाझी याको!" नाझी म्हणजे नारळ. मोठ्या बाईला आदराने मामा म्हणायची इथली रीत. सासूबाईंना कुणी पहिल्यांदाच मामा म्हणत होतं. हे रागावणार होते, पण आई हसून हसून वाळूतच बसल्या. "अरे, आपल्याकडे तरी काय होतं? तुझ्यासकट गावची सगळी पोरं उड्या मारायची की!" नारळ तिथेच फोडला. अर्धा त्या पोराला दिला.

अंधार पडायच्या सुमारास चंद्र समुद्रातून वर आला. गुहागरला सूर्य समुद्रात बुडतो. इथे सूर्य आणि चंद्र दोन्ही समुद्रातूनच वर येतात. आई बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "समोर काय असेल गं?"

हे हिशेबी माणूस. म्हणाले, "नाकासमोर सरळ गेलं तर सेशेल्स."

"आणि जरा डावीकडे?"

मी म्हटलं, "जरा डावीकडे मान वळवून चार हजार किलोमीटरच्या वर गेलं की गुहागर."

त्यांनी खरंच मान वळवली.

दुसऱ्या दिवशी फोर्ट जीझस पाहिला. मी इतिहासात एमए केलं, चिपळूणच्या एका शाळेत सात वर्षं शिकवलं. इथे आल्यापासून डिपेन्डंट पासवर आहे, त्यावर नोकरी करता येत नाही. किल्ल्यात शिरले आणि वर्गात उभी असल्यासारखी सुरू झाले. पोर्तुगीजांनी 1593 ते 1596 मध्ये एका इटालियन वास्तुकाराकडून बांधून घेतलेला हा किल्ला. 1696 मध्ये ओमानच्या अरबांनी वेढा घातला, तो तेहतीस महिने चालला. गोव्याहून मदत यायची. 1698 च्या डिसेंबरात किल्ला पडला. त्याच वर्षाच्या जानेवारीत तिकडे जिंजी मोगलांच्या हाती गेली, आणि त्याच्या आधी राजाराम महाराज निसटले होते. आई म्हणाल्या, "आमच्या अंजनवेलच्या गोपाळगडाला कुणी असं झाडूनपुसून ठेवलं असतं तर!" मग मी लेकीला वाऱ्यांची गंमत सांगितली. डिसेंबर ते मार्च ईशान्येकडून कस्काझी वाहतो, त्या वाऱ्यावर अरबस्तानातून आणि आपल्याकडून गलबतं इकडे यायची. एप्रिलनंतर वारा फिरून कुसी सुरू झाला की त्यावर परत जायची. मधले महिने इथे राहून व्यापार करायची. आई शांतपणे ऐकत होत्या. मला वाटलं, थकल्या असतील.

शेवटच्या रात्री वीज गेली. आम्ही दोघी व्हरांड्यात बसलो होतो. त्या म्हणाल्या, "तू शिकवतेस तेव्हा निराळीच दिसतेस. घरात अशी दिसत नाहीस." मला काय बोलावं सुचेना. मग म्हणाल्या, "तुमचं घर चांगलंच आहे हो. पण तिथे मला करण्यासारखं काही नाही. काल नारळ खवला तेव्हा कळलं, किती दिवसांत हाताला काम नव्हतं." थोडं थांबून म्हणाल्या, "त्या गलबतांसारखं नाही का करता येणार? आता हा कुसी का काय तो आहे ना, म्हणजे परत जायचे दिवस. जाऊ दे मला. तो दुसरा वारा सुरू झाला की येईन."

मी त्यांना राहा म्हणाले नाही. मनावरचा भार उतरला म्हणून नव्हे. उतरला असेलही थोडा. पण ज्या घरात आपल्याला काम उरत नाही तिथे दिवस कसा जातो, हे मला ठाऊक होतं, आणि ते त्यांनी माझ्या आधी बोलून दाखवलं होतं. यांना मात्र समजवायला मला गाडीत बराच वेळ लागला. आईला एकटीला कसं सोडायचं, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. शेवटी वोई स्टेशन गेल्यावर म्हणाले, "रोज सकाळी फोन. आणि पोफळीवर चढायला माणूस, ती नाही." एवढ्यावर मिटलं. लेक खिडकीशी बसून हत्ती मोजत होती.

ऑगस्टअखेर आई गेल्या. बॅगेत मोंबासाच्या बाजारातून घेतलेली म्बुझी होती, कपड्यांच्या घडीत गुंडाळलेली. विमानतळावर क्ष-किरणाच्या यंत्रापाशी अडवलं, तेव्हा आईंनीच अधिकाऱ्याला समजावलं, "नाझी, नाझी," आणि हाताने खवून दाखवलं. त्याने हसून सोडलं.

मीही एक सुरुवात केली आहे. आपल्या मंडळातली पाच मुलं शनिवारी सकाळी आमच्याकडे येतात. थोडं मराठी, थोडा इतिहास. पगार नाही. कुणाला मुलं पाठवायची असतील तर जागा आहे.

रोज सकाळचा फोन चालू आहे. गुहागरात म्हणे शेजारणी ती बकरी बघायला येतात. आईंचं डिसेंबरचं तिकीट काढून झालंय. कस्काझीच्या सुरुवातीचं. आणि हॉटेलला मी आत्ताच कळवून ठेवलंय: तीच खोली हवी, एसी बिघडलेला असला तरी चालेल.