शेरूची वाळू

आमच्या घरी दोन कुत्रे आहेत. ब्रुनो लॅब्रॅडॉर, सहा वर्षांचा. शेरू गावठी, दिंडोलीत एका बांधकामाच्या साइटवर सापडलेला, आता तीन वर्षांचा. एरवी दोघांचं सगळं सारखं. फरक कळतो तो जुलैत, पावसाची झड लागली की.

ब्रुनोला पाणी म्हणजे सण. धो धो पावसात तो भिजत फिरतो, आपलं काम उरकतो आणि वर येऊन सगळ्यांच्या अंगावर पाणी झटकतो. शेरू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबतो, नाक बाहेर काढतो, एक थेंब पडला की मागे फिरतो. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला पावसाचं एवढं काय, असं लोक विचारतात. आईचं उत्तर ठरलेलं : "ज्यानं उघड्यावर पावसाळा काढलाय, त्यालाच तो नकोसा असणार."

गेल्या पावसाळ्यात त्यानं रात्री आठपासून दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत शू धरून ठेवली. अठरा तास! बाबा म्हणाले, "घरात करत नाही म्हणून गुणी म्हणायचं, की बाहेर करत नाही म्हणून हट्टी?" विनोद बाजूला ठेवला तरी काळजी खरी होती. असं वरचेवर झालं तर मूत्रमार्गाला संसर्ग होऊ शकतो.

जनावरांच्या डॉक्टरांनी कारण समजावलं. पिल्लू लहान असताना पायाखाली जे असतं, गवत, माती किंवा फरशी, तीच त्याच्या मनात शी-शूची जागा ठरते. शिवाय कुत्रा वास घेत घेत जागा शोधतो. पावसानं वास धुऊन नेला की त्याला आपली नेहमीची जागा ओळखूच येत नाही. वर थंड पाणी आणि गडगडाट.

टोरांटोला राहणाऱ्या माझ्या चुलतभावाला हे फोनवर सांगितलं, तर तो हसला. म्हणाला, "अरे, आमच्याकडे जानेवारीत हेच. बीगल पोटापर्यंत बर्फात बुडतो. मग मी फावडं घेऊन अंगणातला बर्फ काढतो, खालचं गवत दिसलं की साहेब तयार होतात. शेजाऱ्यांची हस्की मात्र बर्फातच खूश."

म्हणजे उपाय एकच : कुत्र्याला त्याची ओळखीची जमीन परत द्यायची. शेरूची जमीन कोणती? साइटवरची वाळू. पार्किंगच्या कोपऱ्यात छपराखाली फळ्यांची उथळ चौकट ठोकली, दोन घमेली वाळू ओतली आणि त्याची शू पुसलेलं फडकं त्यात ठेवलं. दोन दिवस त्यानं नुसता वास घेतला. तिसऱ्या दिवशी काम झालं.

इंजिनिअरचा किडा म्हणून एक प्रयोगही केला. 2013 साली चेक आणि जर्मन संशोधकांनी 70 कुत्र्यांचं निरीक्षण करून लिहिलं होतं, की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असताना कुत्रे शी करताना उत्तर-दक्षिण उभे राहणं पसंत करतात. त्याला 2014 चं इग नोबेलही मिळालं. मोबाइलवर होकायंत्र लावून मी आठवडाभर बघितलं. ब्रुनोला दिशेचं सोयरसुतक नाही. शेरू नेहमी भिंतीकडे पाठ करून उभा राहतो, मग उत्तर कुठेही असो.

खरा प्रश्न पुढे आला. तळमजल्यावरच्या काकूंनी हरकत घेतली. पार्किंगमध्ये पाणी भरतं, मुलं त्यातच खेळतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं माहेर नवसारीकडचं, आणि त्यांच्या भातशेतीवरचा एक गडी लेप्टोनं गेलेला. दक्षिण गुजरातेत हा आजार पावसाळ्यात नवा नाही. उंदीर, गुरं, कुत्रे यांच्या लघवीतून जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाला जखम असेल तर तिथून शरीरात शिरतात. काकूंची भीती कुत्र्यांच्या रागातून आलेली नव्हती, अनुभवातून आलेली होती.

मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोघांच्या लसींची कार्डं दाखवली. लेप्टोची लस दरवर्षी द्यावी लागते. ती सगळ्या प्रकारांवर चालत नाही, पण धोका बराच कमी करते. चौकट मागच्या बाजूला, पाणी चढत नाही अशा ओट्यावर हलवली. वाळू वरचेवर बदलायची, शी पिशवीत भरून कचऱ्यात टाकायची. आणि उंदरांसाठी बिल्डिंगमागचा कचऱ्याचा ढीग सगळ्यांनी मिळून काढायचा. हे शेवटचं काकूंनीच सुचवलं. 1994 ची प्लेगची साथ आणि त्यानंतरची महापालिकेची मोठी सफाई ज्यांनी पाहिली आहे, त्या पिढीला साचलेल्या घाणीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. आपण तेव्हा फार लहान होतो, किंवा जन्मलोच नव्हतो.

तुमच्याकडे कुत्रा असेल तर ओळखीच्या मातीची एक कोरडी जागा पावसाआधीच करून ठेवा, मे महिन्यात सवय लावा. फिरवून आणल्यावर त्याचे पंजे आणि आपले पाय साबणानं धुवा. खाडीपुराच्या पाण्यातून चालल्यावर काही दिवसांत ताप आला, तर डॉक्टरांना "पाण्यातून चाललो होतो" हे आवर्जून सांगा. ही माहिती उपचारासाठी महत्त्वाची असते.

यंदा पहिल्या झडीला तीन दिवस सूर्य दिसला नाही. सकाळी ऑफिसला निघालो, की काकू खिडकीतून विचारायच्या, "शेरूचं झालं का रे?"

झालं, काकू.