हवापाण्याच्या गप्पा

माझ्या हातून आजवर बरीच झाडे मेली. पण ती माझी स्वतःची होती. दुसऱ्याचे झाड मारायला मला साहेबाच्या देशात जावे लागले.

झाड कढीलिंबाचे. पुण्यात कढीलिंबाला झाड म्हणून कुणी भाव देत नाही. आमच्या फाटकाशी एक आहे. त्याच्याखाली लोक स्कूटर लावतात आणि जाताना दोन डहाळ्या ओरबाडून नेतात, तरी ते वाढतेच. पण लेस्टरजवळ राहणाऱ्या आमच्या लेकीकडे तेच झाड कुंडीत, चाकांच्या पाटावर, एखाद्या राजपुत्रासारखे वाढत होते. सहा वर्षांत कमरेइतके झाले होते. उन्हाळ्यात मुक्काम अंगणात, थंडीत दिवाणखान्यात. मैत्रिणींनी पाने मागितली तर कन्या मोजून देत असे.

२०२३ च्या सप्टेंबरात आम्ही दोघे तिकडे पोचलो आणि आठवड्याच्या आत वादळाची बातमी आली. तिथल्या वादळांना २०१५ पासून नावे देतात. ह्याचे नाव ॲग्नेस. कॉन्व्हेंटमधल्या शिवणाच्या बाईंसारखे हे नाव ऐकून मी निर्धास्त होतो, पण लेकीने मला कामाला जुंपले. उंच कुंड्या भिंतीलगत आडव्या घालायच्या, नातवाची उड्या मारायची जाळी खुंटांना बांधायची, कुंपणाच्या फळ्या हलवून बघायच्या, खुर्च्या शेडमध्ये कोंबायच्या. आम्ही मूळचे कोकणातले. वादळ म्हणजे काय ते आम्हांला कोणी शिकवू नये. मी उत्साहाच्या भरात कचऱ्याची पेटीसुद्धा दोरखंडाने जखडली. सकाळी कचऱ्याची गाडी आली, त्या लोकांनी माझ्या गाठी बघितल्या आणि ते पुढच्या घरी गेले. २७ सप्टेंबरला ॲग्नेसबाईंनी जो काय धिंगाणा घालायचा तो आयर्लंड-स्कॉटलंडकडे घातला. आमच्याकडे चार सफरचंदे पडली.

मग एकदम उकाडा! ऑक्टोबरचा दुसरा आठवडा लागताना दुपारी पंचवीस डिग्री. मी बनियनवर अंगणात बसलो, तेव्हा लेकीने मला आत नेले; कढीलिंब मात्र बाहेरच राहिला. चारच दिवसांत हवेत गारवा आला. शनिवारी मुले दोन दिवसांसाठी कुठेशी जायला निघाली. गाडीत बसता बसता लेक म्हणाली, "बाबा, रात्री तेवढा कढीलिंब आत घ्या हं."

संध्याकाळी शेजारचे म्हातारबुवा कुंपणावरून म्हणाले, "आज आकाश अगदी स्वच्छ आहे."

आता इंग्रज माणूस हवेविषयी बोलला की ते आपल्या 'काय, जेवण झालं का?' सारखे असते. उत्तर द्यावे, मनावर घेऊ नये, असे जावईबापूंनी मला शिकवून ठेवले होते. मी म्हणालो, "हो ना, सुंदर!"

म्हातारबुवा कढीलिंबाकडे बघत म्हणाले, "वाराही नाही."

"तेही सुंदर!" मी म्हणालो. बिचारे आत गेले.

"अहो, कुंडी आत घ्यायची होती ना?" आमच्या हिने विचारले. फोनवर रात्रीचा पारा तीन डिग्री दाखवत होता. शून्याच्या वर पाणी गोठत नाही हे मी शाळेत शिकलो होतो, तिलाही शिकवले. खरे सांगायचे तर कुंडी उंबरठ्यावरून उचलावी लागे आणि माझी कंबर उचलण्याच्या बाजूची नव्हती.

"मग निदान माझी शाल घाला त्याच्यावर."

"झाडाला शाल? सत्कार आहे का त्याचा?"

हा विनोद मला फार महागात पडला.

सकाळी हिरवळ पांढरीफेक होती. तीन डिग्री म्हणजे जमिनीपासून सव्वा मीटरवरच्या हवेचे तापमान, हे मला तेव्हा कळले. वर ढगांची गोधडी नसली आणि वाराही पडला की जमिनीची ऊब थेट आभाळात जाते आणि गवताशी पारा शून्याखाली उतरतो. म्हणजे म्हातारबुवांनी दोन वाक्यांत सगळे शास्त्र सांगितले होते! आणि मला ते अगदीच नवे नव्हते. महाबळेश्वरात पारा शून्याच्या चांगला वर असताना वेण्णा तलावाकाठी मोटारींच्या टपांवर दव गोठते, त्याचा फोटो मी दर हिवाळ्यात पेपरात बघतो. फक्त तो बघताना मला मक्याची भजी आठवतात, शास्त्र आठवत नाही.

कढीलिंबाची पाने आधी काचेसारखी दिसली, दुपारपर्यंत काळी पडून लोंबली. ही काहीच बोलली नाही. चाळीस वर्षांत ही काहीच न बोलल्याचा हा दुसरा प्रसंग.

म्हातारबुवा पांढरे विरविरीत कापड घेऊन आले. त्याला तिथे फ्लीस म्हणतात. ते आदल्या रात्री घालायचे असते. "उपटू नका, छाटू नका," ते म्हणाले. "आत ठेवा, पाणी बेताने. मेपर्यंत वाट बघा." कुंड्यांखाली विटा द्या, नाहीतर साचलेले पाणी गोठून कुंडी तडकते, बर्फ पडला की झुडपांवरून झाडूने झटका, नाहीतर फांद्या मोडतात. मी सगळे वहीत उतरवून घेतले.

लेक आली. तिने खोडावरून एकदा बोट फिरवले. "असू दे बाबा, पाकिटात मिळतो इथे." रात्री आमटीत पाकिटातला कढीलिंब होता. मी तो बाजूला न काढता खाल्ला. नातवाने विचारले, "आजोबा, तुम्ही विसरलात?" मी "हो" म्हणालो. विसरलो म्हणणे त्यातल्या त्यात बरे होते.

२०२४ च्या मे महिन्यात पुण्याला फोनवर फोटो आला. काळ्या खोडाच्या बुडाशी नखाएवढा पोपटी कोंब! मी तो फाटकाशी स्कूटर लावणाऱ्यालाही दाखवला. "कढीपत्ता आहे," तो म्हणाला आणि आमच्या झाडाची डहाळी तोडून गेला.

तेव्हापासून मी रोज रात्री लेकीला फोन करून तिथले आकाश कसे आहे ते विचारतो.

"बाबा, ऑगस्ट आहे हो," ती म्हणते.

"असू दे. वारा आहे का?"