विमानाला मेमरी लागते किती?

ब्रूस आर्टविक नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने ॲपल टू कम्प्युटरसाठी आपला पहिला फ्लाइट सिम्युलेटर काढला, तेव्हा १९७९ साल संपत आलं होतं. तो कॅसेटवर मिळायचा आणि त्याला १६ केबी मेमरी पुरायची. आज व्हॉट्सॲपवर येणारा ‘शुभ सकाळ’चा फोटोही सहसा याहून मोठा असतो. २०२४ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरला किमान १६ जीबी रॅम लागते. हिशोब केला तर बरोबर १०,४८,५७६ पट.

एवढ्या वर्षांत हवा बदललेली नाही, गुरुत्वाकर्षणही तेच आहे. मग ही सगळी मेमरी खातं कोण?

मला हा प्रश्न हौसेपोटी पडला नव्हता. माझ्या धाकट्या बहिणीला पायलट व्हायचंय. बारावीला फिजिक्स, मॅथ्स होतं, मार्कही चांगले पडले. पण कमर्शियल लायसन्ससाठी २०० तासांचं प्रत्यक्ष उड्डाण लागतं आणि प्रत्येक तासाचे पैसे मोजावे लागतात. बाबा एसटीत ड्रायव्हर आहेत. तो हिशोब वहीवर मांडला, त्या रात्री घरात कुणी टीव्ही लावला नाही. घरच्या सिम्युलेटरवर घालवलेला एकही तास त्या २०० मध्ये धरत नाहीत. तरी चेकलिस्ट हातात बसते, काट्यांवरून नजर फिरवायची सवय लागते. खऱ्या विमानातले दोन-चार तास कमी चाचपडण्यात गेले, तरी पुष्कळ झालं. मी पुण्यात नोकरी करते, म्हणून कम्प्युटरची जबाबदारी मी घेतली.

दुकानात गेले तर पहिलंच उत्तर आलं, “मॅडम, ६४ जीबी टाका. पुढची दहा वर्षं बघायला नको.” कोटेशनचा आकडा बघून मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि घरी येऊन वाचायला बसले.

रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि डिस्क म्हणजे फडताळ, असं समजा. हाताशी जे लागतं ते ओट्यावर काढून ठेवायचं. ओटा भरला की प्रत्येक डब्यासाठी फडताळापर्यंत जावं लागतं. कम्प्युटरही तेच करतो. रॅम संपली की त्यातला काही मजकूर डिस्कवर ठेवतो आणि लागेल तसा परत आणतो. डिस्क कितीही वेगवान असली तरी रॅमच्या मानाने हळूच. त्या फेऱ्यांमध्ये पडद्यावरचं चित्र अडखळतं.

आता ओट्यावर असतं काय? विमानाचा वेग, उंची, पंखांवरून जाणारा वारा, उरलेलं इंधन हे सगळे आकडे. ते सेकंदाला कितीतरी वेळा नव्याने काढावे लागतात, पण तो भार प्रोसेसरवर. मेमरीत त्यांना फारशी जागा लागत नाही. जागा लागते खिडकीबाहेरच्या जगाला. जमिनीचे चढउतार, आकाशातून घेतलेले फोटो, इमारती, झाडं, ढग. २०२० सालच्या आवृत्तीसाठी मायक्रोसॉफ्टने आपल्या सर्व्हरवर जगाचा जो डेटा ठेवला, तो दोन पेटाबाइट, म्हणजे जवळपास वीस लाख जीबी. तुम्ही उडत असता तिथला तुकडा इंटरनेटवरून येतो, मागचा सोडून दिला जातो.

याआधी उलटी गंमत होती. २००६ सालचा फ्लाइट सिम्युलेटर एक्स हा ३२ बिटचा प्रोग्रॅम. तुमच्या कम्प्युटरमध्ये १६ जीबी असली तरी तो ४ जीबीपलीकडे हात घालूच शकत नव्हता. कित्येक तास उडून लोक मोठ्या शहराजवळ उतरायला यायचे, विमानतळ आणि इमारती एकदम लोड व्हायच्या आणि मेमरी संपल्याचा निरोप देऊन प्रोग्रॅम बंद पडायचा.

शेवटी मी चार खाचांचा जुना डेस्कटॉप घेतला, ८ जीबी रॅमचा, आणि वर ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. सिम्युलेटर २०२० सालचाच ठेवला. त्याची अट किमान ८ जीबी, शिफारस १६ ची, उत्तम अनुभवासाठी ३२. नव्या आवृत्तीत हेच आकडे १६, ३२, ६४ झालेत.

धाकटी सुट्टीला आली आणि तिने सेसना १७२ उडवलं. ८ जीबीवर उड्डाण ठीक झालं. वर सगळं सुरळीत. पण पुण्यावर खाली येताना चित्र थांबत थांबत पुढे जायला लागलं. नेमकं जमिनीजवळ, जिथे अर्ध्या सेकंदाला किंमत असते. मी ८ जीबीची दुसरी पट्टी घातली. तेच उड्डाण पुन्हा केलं. टास्क मॅनेजरमध्ये साधारण १२ जीबी वापरात दिसली आणि अडखळणं गेलं. मग मैत्रिणीकडून एका रविवारापुरत्या पट्ट्या मागून आणून ३२ केली. आम्हा दोघींना काहीही फरक दिसला नाही. ओटा पुरेसा झाल्यावर तो आणखी लांब करून पोळ्या लवकर होत नाहीत.

बाबा मागे पलंगावर बसून बघत होते. म्हणाले, “एवढ्या इमारती कशाला गं? धावपट्टी दिसते ना?”

“बाबा, शिकाऊ पायलटला खाली बघून वाट ओळखावी लागते. नदी, रेल्वेचे रूळ, हायवे.”

बाबांनी थोडा विचार केला. “मग नदी राहू दे. खिडक्या काढ.”

तिने सेटिंगमध्ये जाऊन इमारतींचा तपशील खाली आणला, जमिनीचा तसाच ठेवला. वापरातली मेमरी आणखी उतरली. मुळा-मुठा दिसत होती, रूळ दिसत होते. रात्री घाट उतरवताना बाबांना काय दिसावं लागतं आणि काय नाही, हे त्यांना कुणी सेटिंगमध्ये दाखवलेलं नाही.

तुम्हीही सिम्युलेटरसाठी कम्प्युटर घेणार असाल, तर आधी ठरवा की उडायला शिकायचंय की शहरं बघत फिरायचंय. दोन्ही चांगलंच आहे, खर्च वेगळा आहे. २०२० च्या आवृत्तीवर शिकायला १६ जीबी पुरे, एका पट्टीऐवजी ८ च्या दोन घ्या. नवी आवृत्ती किंवा भरपूर ॲड-ऑन हवे असतील तर ३२. आणि आणखी विकत घेण्याआधी ब्राउझर बंद करून, तुमचं नेहमीचं अवघड लँडिंग करताना टास्क मॅनेजर उघडा. मेमरी भरलेली नसेल आणि तरी चित्र अडखळत असेल, तर दोष प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड नाहीतर इंटरनेटमध्ये शोधा.

दुकानातल्या कोटेशनमधून वाचलेल्या पैशांतून धाकटीच्या क्लास टू मेडिकलची फी भरली. डोळे, कान, रक्त सगळं तपासून झालं. ती फिट ठरली. कम्प्युटरमधल्या दोन खाचा अजून रिकाम्याच आहेत.