साइजोचे ओजीसान

साके, म्हणजे भाताची जपानी दारू, चाखायला मला ज्यांनी शिकवलं, ते साइजोच्या एका जुन्या कारखान्यात कुराबितो होते, साके घडवणाऱ्या चमूतले कामगार. उन्हाळ्यात घरची भातशेती आणि हिवाळाभर कारखाना, अशी त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्या पिढीतले बहुतेक कुराबितो असेच शेतकरी. मी मावळातल्या भातशेतकऱ्याची मुलगी, हिरोशिमा विद्यापीठात संशोधनाला आलेली. हे विद्यापीठ शहर सोडून हिगाशी-हिरोशिमात हललं, साइजो त्यातलंच. स्टेशनाबाहेर पडलं की लाल विटांची धुराडी दिसतात, ती साकेच्या कारखान्यांची. त्यांच्या विहिरींचं पाणी गावातली माणसंही भरून नेतात. तिथे बाटली भरता भरता आमची ओळख झाली. मी त्यांना ओजीसान म्हणायचे, म्हणजे आजोबा.

त्यांनी आधी पाणीच चाखायला लावलं. कोबे परिसरातल्या नादा या साकेच्या भागातलं पाणी खनिजांनी भरलेलं, त्यात यीस्ट जोमाने वाढतं. हिरोशिमात बऱ्याच ठिकाणी पाणी मऊ, त्यात चांगली साके जमत नसे. आकित्सूच्या मिउरा सेन्झाबुरो यांनी भातावर कोजीची बुरशी नीट मुरवून, थंडीत संथपणे आंबवायची रीत बसवली आणि १८९८ मध्ये ती पुस्तकात छापून सगळ्यांना खुली केली. पुढे १९०७ च्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत हिरोशिमाची साके अग्रभागी होती. मिउरांनी आपली विद्या दडवून ठेवली नाही, याचं ओजीसानना केवढं अप्रूप! मला शिकवताना त्यांनीही कधी हात आखडता घेतला नाही.

दायगिंजो साकेसाठी तांदळाचा निदान निम्मा भाग घासून काढतात, हे ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. आमच्याकडे सांडलेला दाणाही वेचतात. त्यांना ते कळलं असावं. वरच्या थरात प्रथिनं आणि तेल असतं, त्याने चव जड होते, हे त्यांनी समजावलं. आणि निघालेलं पीठ तांदळाच्या खुसखुशीत बिस्किटांना जातं, कोंडा गुरांना जातो, वाया काही जात नाही, हे लगेच पुढे जोडलं.

चाखायचा पेला पांढऱ्या चिनी मातीचा, तळाशी निळी वर्तुळं असलेला. निळ्यावर नितळपणा बघायचा, पांढऱ्यावर रंग. घोट अगदी लहान घ्यायचा, जिभेवर फिरवायचा, जरा हवा आत ओढायची आणि वास घशातून नाकात चढू द्यायचा. थंड असताना नुसती स्वच्छ वाटलेली जुनमाई, म्हणजे वरून अल्कोहोल न मिसळलेली साके, त्यांनी चाळीस अंशांच्या आसपास कोमट करून दिली, तेव्हा तिच्यात वाफाळत्या भाताचा गोडवा आला. मला तर माजघरच आठवलं. महागड्या सुगंधी बाटल्यांपेक्षा ही कोमट जुनमाई मला आजही जास्त आवडते.

एका हिवाळ्यात माझे वडील आले. ओजीसाननी तोजींची, म्हणजे मुख्य कारागिरांची, परवानगी काढली आणि भेटीआधी आम्हाला नात्तो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, खायला बंदी केली, कारण त्यातले जिवाणू कोजीत शिरले तर सगळा माल बिघडतो. पहाटे भात वाफवून निघाला होता. तोजींनी चिमूटभर तळहातावर घेतला, दुसऱ्या हाताने दाबून दाबून त्याची चपटी, चिवट टिकली केली आणि उजेडात धरली. वाफ आतपर्यंत पोचली की नाही, हे असं बघतात. ओजीसाननी तशीच एक टिकली करून वडिलांच्या हातावर ठेवली. वडिलांनी ती ताणली, हुंगली, दाताखाली धरली आणि मला म्हणाले, "वरून मोकळा, आतून मऊ. यांना सांग, झालाय बरोबर." मी सांगितलं. ओजीसान कमरेतून वाकले.

वडिलांनी साकेला हात लावला नाही, पण जेवताना ओजीसानचा पेला रिकामा दिसला की ते भरून द्यायचे. तिथे आपला पेला आपण भरत नाहीत, हे त्यांनी बघून बघूनच उचललं होतं.

माझं संशोधन काय, पगार किती, हे वडिलांनी गावात कधी कुणाला सांगितलं नाही; त्यांना ते नीट उमगलंही नव्हतं. परत गेल्यावर मात्र आवणीच्या वेळी बांधावर ते सगळ्यांना सांगत होते, पोरीजवळ तिथे एक म्हातारा आहे, भाताला आपल्यासारखाच हात लावतो, तिची काळजी नाही. आईने हे फोनवर सांगितलं आणि त्याच संध्याकाळी मी ते ओजीसानना सांगायला गेले.