वळलेली बिडी आणि वाकलेलं बोट

वसंत पंचमीला बासरच्या ज्ञानसरस्वतीच्या देवळात अक्षराभ्यासासाठी रांग लागते. आदिलाबाद-निजामाबादची मंडळी असतात, तशीच धर्माबाद-नांदेडकडची मराठी कुटुंबंही. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणून पाटी गिरवून झाल्यावर आया मला हमखास विचारतात, "मॅडम, हा पेन्सिल मुठीत धरतो, काही दोष आहे का?" तीन वर्षांचं लेकरू तसंच धरणार. जन्मतः मनगटाची आठही हाडं कूर्चेचीच असतात, ती हळूहळू पक्की होतात. तीन बोटांची पकड बहुतेकांना चौथ्या ते सहाव्या वर्षी जमते. तोवर कणीक मळू द्यावी, शेंगा सोलू द्याव्यात.

माझे बहुतेक रुग्ण मात्र मोठी माणसं. कुणाचा हात कडबाकुट्टीत गेलेला, कुणाला ऊसतोडीत कोयता लागलेला. बोटांत स्वतःचे स्नायू नसतात. ती वाकवणारे मोठे स्नायू कोपराखाली असतात आणि त्यांच्या कंडरा अरुंद आवरणांतून बोटांच्या पेरांपर्यंत पोचतात. तिथे कंडरा तुटली की पेच पडतो. शिवलेली कंडरा स्थिर ठेवली तर आजूबाजूला चिकटते आणि जोर लावला तर टाका तुटतो. म्हणून मनगट आणि बोटांची मुळं वाकलेली राहतील असा स्प्लिंट देऊन, पहिल्या काही दिवसांतच आखून दिलेली हालचाल सुरू करावी लागते. स्प्लिंट साधारण सहा आठवडे, जड काम बारा आठवड्यांनंतर. घरचे मात्र मायेने महिनाभर हात झोळीत ठेवतात आणि चांगल्या शस्त्रक्रियेचं बोट ताठ होऊन माझ्याकडे येतं.

मज्जातंतूला आणखी सबुरी लागते. तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. मनगटाशी कापला तर बोटाच्या टोकाला स्पर्श कळायला सहा महिने सहज जातात. तोवर चुलीचा चटका कळत नाही, म्हणून नजरेनं हात जपायला शिकवावं लागतं. हा धडा कुष्ठरोगाने आधीच दिला होता. निजामाबादजवळ दिचपल्लीला इझाबेल कर यांनी कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय उभारलं. पुढे वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी कंडरा दुसरीकडे जोडून वाकड्या बोटांना पुन्हा कामाला लावलं.

आपल्याकडे माझं हे शास्त्र रुजवलं कमलाबाई निंबकर यांनी. जन्माने अमेरिकन, लग्नाने मराठी. 1950मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. उपचार कामातून आणि कामासाठी, हा या शास्त्राचा पाया.

त्याची कसोटी आमच्या भागातल्या बिडी वळणाऱ्या बायका घेतात. कोनमापक सांगतो, बोट छान वाकतं. बाई सांगते, बिडी वळत नाही. दोन्ही खरं. घट्ट मूठ वळणं वेगळं आणि अंगठा-तर्जनीच्या टोकांत पान फिरवून कडा दुमडणं वेगळं. मग चेंडू दाबणं बाजूला ठेवते आणि बिडीच्या मापाचे कागद, नंतर भिजवलेलं पान हातात देते. आधी सैल वळायचं, मग घट्ट, वेग शेवटी. नवीन रुग्णाचं बोट मोजण्याआधी मी विचारते, "काम काय करता?" उत्तरावर पुढचे तीन महिने ठरतात.

वाचकांना एवढंच सांगेन: घरात कुणाच्या हाताला टाके पडले, तर त्याच दिवशी सर्जनला विचारा, हालचाल कधी सुरू करायची आणि ती शिकवणार कोण?