मागे कुणीतरी हवं

हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांत रग्बीचा विषय निघाला, असं मी तरी अजून ऐकलेलं नाही. क्रिकेट आपल्याला घरबसल्या चुकत नाही. कबड्डी, खो-खो शाळेत आपणही खेळलेल्या असतो. पण चिखलात लोळणाऱ्या, एकमेकांवर आदळणाऱ्या त्या आडदांड माणसांशी आपला काय संबंध? मलाही असंच वाटायचं. मग माझ्या नववीतल्या मुलाने मोबाईलवर रॉब बरो नावाच्या इंग्लिश खेळाडूची फिल्म लावली, आणि मेथी निवडता निवडता माझे हात थांबले. पुढे त्या माणसाबद्दल मिळेल ते वाचून काढलं. ते तुम्हाला सांगावंसं वाटतंय, कारण ती गोष्ट जितकी मैदानाची आहे तितकीच घराची आहे.

रॉब खेळायचा ती रग्बी लीग. रग्बीचाच हा वेगळा फाटा, आणि तो कसा निघाला हे कुठल्याही गृहिणीला चटकन पटेल. उत्तर इंग्लंडमधले बरेचसे खेळाडू खाणीत आणि गिरण्यांत राबणारे. सामन्यासाठी कामावर खाडा झाला की तेवढा रोज बुडायचा. ती भरपाई द्यावी असं तिकडच्या क्लबांचं म्हणणं, पण खेळ चालवणाऱ्या वरच्या मंडळींना ते मान्य नव्हतं. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक झाली आणि हे क्लब वेगळे झाले. म्हणजे घरात येणारा पगार कमी होऊ नये म्हणून हा खेळ जन्मला! पुढेही कित्येक वर्षं बहुतेक खेळाडू दुसरी नोकरी सांभाळूनच खेळत. १९९६ मध्ये सुपर लीग सुरू झाली, तेव्हा कुठे मोठ्या क्लबांतून तो पूर्णवेळचा पेशा झाला.

प्रत्येक बाजूला तेरा गडी. चेंडू घेऊन धावायचं, समोरच्यांनी धरून पाडायचं. असं सहा वेळा पाडलं की चेंडू त्यांचा. यातला एक नियम मला फार आवडला. हाताने चेंडू पुढच्या गड्याला देता येत नाही, मागच्यालाच द्यावा लागतो. जायचं पुढे, पण द्यायचं मागे! म्हणजे मागे कुणीतरी धावत असायलाच हवं. एकट्याच्या जिवावर इथे काही चालत नाही.

अशा खेळात रॉब बरोची उंची किती, तर ५ फूट ५ इंच! आपल्याकडच्या एखाद्या चणीने बारीक भावजींएवढी. पाँटेफ्रॅक्ट गावी १९८२ साली जन्मलेला हा मुलगा २००१ ते २०१७ एकाच क्लबाकडून खेळला, लीड्स ऱ्हायनोजकडून. पाठीवर आकडा ७. जवळजवळ पाचशे सामने खेळला आणि आठ वेळा सुपर लीगच्या विजेत्या संघात होता. २०११ च्या अंतिम सामन्यात सेंट हेलन्सविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून उतरला, आणि त्या धिप्पाड माणसांच्या हातांखालून वाकून जो सुटला तो थेट पलीकडच्या रेषेपर्यंत. त्या दिवशीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून सगळ्या परीक्षकांनी एकमताने त्यालाच निवडलं. उंचीवरून वर्गात चिडवला जाणारा माझा मुलगा ती धाव किती वेळा बघतो, ते मोजायचं मी सोडून दिलं आहे.

खेळ थांबवल्यावर रॉब क्लबातल्या तरुण मुलांना शिकवू लागला. मग बोलताना शब्द अडखळू लागले. डिसेंबर २०१९ मध्ये डॉक्टरांनी निदान केलं, मोटर न्यूरॉन डिसीज. स्टीफन हॉकिंग यांना होता तोच आजार. स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी मरत जातात. हातपाय, बोलणं, गिळणं आणि शेवटी श्वासही जातो, पण बहुतेकांचं डोकं मात्र जागं असतं. त्यावर बरं करणारं औषध नाही. रॉब तेव्हा ३७ वर्षांचा होता. तीन मुलं, त्यातलं धाकटं जेमतेम वर्षाचं.

त्याची बायको लिंडसी ही फिजिओथेरपिस्ट. शाळकरी वयापासूनची दोघांची ओळख. तू अजून तरुण आहेस, माझ्यापायी अडकून पडू नकोस, असं त्याने तिला सांगून पाहिलं. तिने ते मनावर घेतलं नाही. त्याला कपडे घालणं, भरवणं, उचलून नेणं, मुलांच्या शाळा, सगळं तिने केलं.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, सावित्रीच ती! पण मैत्रिणींनो, मला त्यापुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. लिंडसीने आपली नोकरी सोडली नाही. ती कामावर गेली की रॉबचे आईवडील येऊन त्याच्यापाशी थांबत. आणि त्याचे सोबतीही मागे राहिले नाहीत. जुना कर्णधार केव्हिन सिनफील्ड डिसेंबर २०२० मध्ये सात दिवसांत सात मॅरेथॉन धावला, रॉबच्या सात आकड्यासाठी. एक मॅरेथॉन ४२ किलोमीटरची! ७७,७७७ पौंड जमवायचे ठरवलं होतं, जमले वीस लाखांच्या वर. पुढच्या वर्षी चोवीस तासांच्या आत १०१ मैल धावला. मे २०२३ मध्ये लीड्सच्या मॅरेथॉनमध्ये त्याने रॉबला चाकाच्या खुर्चीत बसवून पूर्ण अंतर ढकलत नेलं, आणि शेवटच्या रेषेपाशी खुर्चीतून उचलून कडेवर घेऊन ती रेषा ओलांडली. त्याच शर्यतीत लिंडसीही धावली.

हे वाचताना मला माझं घर आठवत होतं. आमच्या सासूबाईंना पक्षाघाताचा झटका येऊन तीन वर्षं होतील. त्यांना कुशीवर वळवणं, खुर्चीत बसवणं, मऊ भात भरवणं, हे सगळं माझ्याकडे. भेटायला येणारे त्यांची चौकशी करतात आणि जाताना मला म्हणतात, "तू आहेस म्हणून हो!" कौतुक केलं, चहा झाला, चप्पल घातली. मी दुपारी तीन तास शाळेत शिकवते, तर "एवढ्याशा पगारासाठी कशाला दगदग? सोडून दे की शाळा," असा सल्लाही चहाबरोबरच मिळतो.

गेल्या महिन्यात मी ह्यांना आणि दिरांना समोर बसवलं. म्हटलं, शाळा मी सोडणार नाही, आणि आईंचं करणंही सोडणार नाही. पण हे एकटीचं काम नव्हे. आता सकाळचं अंग पुसणं आणि चहा ह्यांच्याकडे. रविवारी दीर येतात. नणंदबाई दर पंधरवड्याला दोन दिवस राहायला येतात. पहिल्या दिवशी ह्यांनी आईंना भरवताना अर्धी पेज पदरावर सांडली. आई कितीतरी दिवसांनी हसल्या. आता सांडत नाही.

२ जून २०२४ रोजी रॉब गेला. वय ४१. दुसऱ्याच दिवशी, ३ जूनला, लीड्समध्ये याच आजाराच्या रुग्णांसाठीच्या नव्या केंद्राच्या बांधकामाला सुरुवात झाली. आधीच ठरलेला दिवस होता तो. रॉबच्या नावाचं हे केंद्र. आपल्याला त्याचा उपयोग होणार नाही हे कळत असून त्याने त्यासाठी झटून पैसे जमवायला लावले होते.

खेळाडूच्या कारकिर्दीत कप आणि पदकं मोजतात. रॉबचीही मोजावीत, ती थोडी नाहीत. पण तो पडला तेव्हा मागून किती जण धावत आले, हे मला त्याहून मोठं वाटतं.

तुमच्या ओळखीत असं अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेलं घर असेलच. तिथल्या बाईचं कौतुक करून उठू नका. "उद्या दोन तास मी बसते, तू जाऊन ये," एवढं म्हणा. आणि ती बाई तुम्हीच असाल, तर मागे वळून हाक मारायला संकोच करू नका.