कंट्रोल बरोबर, तरीही

कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला नमुना, रेंजमध्ये आला की पेशंटचा रिपोर्ट सोडायचा, हे शनिवार पेठेतल्या आमच्या लॅबमध्ये मीच शिकवत आलो. यंदा डीएमएलटी करून आलेल्या मुलीने जीसिक्सपीडी या तांबड्या पेशींतल्या एन्झाइमच्या तपासणीचे कंट्रोल चालवले आणि विचारलं, ‘सर, पेशंटच्या पेशी जुन्या की नव्या, हे कंट्रोलवरून कसं कळणार?’ तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही.

जीसिक्सपीडी कमी असलेल्याच्या तांबड्या पेशी फुटू लागल्या की आधी जातात त्या जुन्या, एन्झाइम संपत आलेल्या. उरतात ताज्या, आणि मज्जेतून भराभर आलेल्या रेटिक पेशी. त्यांच्यात एन्झाइम जास्त. नेमकं त्याच आठवड्यात रक्त आमच्याकडे येतं. ३४० नॅनोमीटरवरचं मोजमाप अचूक, आकडा खरा, आणि त्यावर लिहिलेलं ‘नॉर्मल’ खोटं. मधे रक्त चढवलं असेल, तर आपण रक्तदात्याचंही एन्झाइम मोजत बसतो.

मुंबईच्या पारशी समाजात ही कमतरता साठच्या दशकातच नोंदली गेली. कोळी कुटुंबात सापडलेल्या एका प्रकाराला तर कल्याणचं नाव मिळालं. मेडिटरेनियन प्रकारात एन्झाइम इतकं कमी, की नव्या पेशीही फारसं झाकू शकत नाहीत. फसवतात ते त्याहून सौम्य प्रकार, आणि एकच सदोष जनुक असलेल्या स्त्रिया. त्यांच्या रक्तात दोन्ही तऱ्हेच्या पेशी मिसळलेल्या असतात.

मला माझ्या नजरेचा गर्व आहे. याच तपासणीसाठी अंधाऱ्या खोलीत यूव्ही दिव्याखाली फिल्टर पेपरवरचा ठिपका किती चमकतो, ते मी बघायचो. ‘तुम्ही स्वतः पाहिलंत ना?’ असं डॉक्टरांनी विचारलं की अंगावर मूठभर मांस चढायचं. आजही चढतं.

आता कोपऱ्याकोपऱ्यावर कलेक्शन सेंटर. नमुना रातोरात दुसऱ्या शहरात जातो. त्यांची यंत्रं आमच्याहून सरस, कंट्रोलही काटेकोर. पण बाळाच्या आजीला फोन लावून ‘झबली डांबरगोळ्यांच्या पेटीतली होती का?’ हे तिथून कोणी विचारत नाही. त्या गोळ्यांतल्या नॅफ्थॅलिनने जीसिक्सपीडी कमी असलेल्या बाळाच्या पेशी फुटतात. ही चौकशी मी क्वालिटी कंट्रोलमध्येच धरतो.

डॉक्टरमंडळींना विनंती आहे: फॉर्मवर कावीळ कधी दिसली, रक्त चढवलं का, एवढं लिहा. सोबत रेटिक काउंट मागवा. आणि पेशी फुटण्याच्या काळात ‘नॉर्मल’ आलेली तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करून घ्या.